राहुकाळ संपेपर्यंत

वेस्ट मांबलम, मद्रास
९ फेब्रुवारी १९५२

प्रिय कुमुअक्का,

नमस्कार.

"गाडी उशिरा आली तर चालतं, हेमा. उशीर कशामुळं झाला ते लिहिलं नाही, तर चालत नाही." मी नऊ वर्षांची असताना नागोजीमामा हे म्हणाले होते. आई गेल्यावर मी नुकतीच त्यांच्याकडं राहायला आले होते. तंजावरच्या पुढचं ते एवढंसं स्टेशन, मामा तिथले मास्तर. गार्डानं कारणाचा रकाना कोरा ठेवला होता, त्याला परत बोलावून तो भरून घेतला आणि मग टेबलाखाली पाटी घेऊन बसलेल्या माझ्याकडं वाकून ते हे बोलले.

तुझ्या घरून निघाल्यापासून हे वाक्य माझी पाठ सोडत नाही. तू गाडीत बसवताना बजावलंस की मद्रासला पोचताच पेन्नार एअरवेजकडं तक्रार कर. दोन रात्री गाडीत मी ती मनात लिहीत आले. चार तारखेला, सोमवारी, विमान साडेसातला सुटायचं ते नऊ वीसला सुटलं. वेळेवर निघालं असतं तर दोनच्या आत फोर्टात आले असते. कागदपत्र मंडळाची मुलाखत अडीचला होती, मी पोचले पावणेचारला. चिटणीस टेबल आवरत होते. त्यांनी माझ्या देखत अर्जावर लिहिलं, "उमेदवार नेमलेल्या वेळी हजर नाहीत." तू दारात उभी होतीस, पाहिलंसच.

मुलाखतीचं पत्र तंजावरच्या जुन्या पत्त्यावर हिंडून माझ्या हातात शनिवारी संध्याकाळी पडलं, म्हणून तर मामांनी विमानाचा हट्ट धरला. नाही तर आपल्या घरातलं कोण विमानात बसलं होतं?

पण अक्का, मी तक्रार करणार नाही. कंपनीची माणसं नीट वागली. कॉफी दिली, बिस्किटं दिली. यंत्र आहे, थांबायचंच कधी तरी. आम्ही सगळे जागेवर बसल्यावर शेवटी तिघं आली, एक गृहस्थ आणि दोन बायका, आपसांत बोलत सावकाश चालत. विमान थांबलेलं होतं म्हणून त्यांना मिळालं. म्हणजे कुणाचं तरी भलंच झालं.

मामा बरे आहेत. गल्लीत सध्या त्यांचा मान फार वाढला आहे. का, ते पुढं कधी लिहीन.

तुझी,
हेमावती

*

दादर, मुंबई
१६ फेब्रुवारी १९५२

प्रिय हेमा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना जास्त राग आला. कॉफी दिली म्हणून तू गप्प बसणार. उद्या आमच्या दंतवैद्यानं चुकीचा दात काढला आणि वर पेपरमिंट दिलं, तर तू त्याला नमस्कार करून येशील.

आता कामाचं. आमच्या यांचे एक स्नेही कागदपत्र मंडळातच आहेत. ते सांगत होते की मोडी वाचकाची जागा भरलेली नाही. त्या दिवशी दोन उमेदवार आले होते. दोघांनाही पुणेरी मोडी येते, पण तंजावरचं दप्तर पुढं ठेवल्यावर दोघं घाम पुसत बसले. चिटणीस म्हणाले, "त्या मद्रासच्या बाई वेळेवर आल्या असत्या तर." हे यांच्या स्नेह्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

चिटणीसांचं म्हणणं असं: विमान उशिरा सुटलं हे कंपनीनं लेखी द्यावं, आणि का सुटलं तेही द्यावं. मार्चअखेर ते पत्र आलं तर अर्जावरचा शेरा खोडून तुला पुन्हा बोलावता येईल. तोंडी चालणार नाही, आणि तुझं स्वतःचं पत्रही चालणार नाही. तक्रार केल्याशिवाय कोणती कंपनी आपणहून आपली चूक लिहून देते?

तू एकोणीस वर्षं मुलींना इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायला लावते आहेस. मावशीच्या, तुझ्या आईच्या, ट्रंकेतले कागद वाचून दाखवताना तुझा चेहरा कसा होतो, ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. हे काम तुझं आहे. भिडस्तपणापायी ते घालवू नकोस.

आणि मामांचा मान कशानं वाढला ते लगेच लिही. असं अर्धवट सोडणं तुला शोभत नाही.

तुझी,
अक्का

*

वेस्ट मांबलम, मद्रास
२४ फेब्रुवारी १९५२

प्रिय अक्का,

भिडस्तपणा नाही गं. तुझ्यापासून लपवलं होतं, आता लिहिते. वाचून झाल्यावर फाडून टाक.

त्या सोमवारी मामा मला पोचवायला मीनंबाक्कमच्या विमानतळावर आले होते. सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ. विमान नेमकं साडेसातला. मामा रात्रभर पंचांग घेऊन बसले होते, जणू पुन्हा पुन्हा पाहिल्यानं ते बदलणार होतं. सात वीसला ते कठड्यापाशी गेले. तिथं कंपनीचा व्यंकट नावाचा माणूस उभा होता. तो मामांच्या जुन्या गार्डाचा मुलगा निघाला. दोघं काही बोलले. व्यंकटनं हात जोडले, मान हलवली. पाचच मिनिटांत पुकारा झाला की विमानाला उशीर आहे.

मामा माझ्यापाशी येऊन म्हणाले, "काळजी करू नको. राहुकाळ संपेपर्यंत सुटत नाही. मी सांगितलंय."

तुला आठवतं, त्यांच्या स्टेशनवर लग्नाचं वऱ्हाड मागं राहिलं की ते गार्डाला खूण करून गाडी पाच मिनिटं धरून ठेवायचे. त्यांना वाटलं, इथंही तसंच. आणि झालंही तसंच. ते घरी पोचायच्या आधी बातमी गल्लीत पोचली. शेजारच्या अलमेलू मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्या मास्तरांनी विमान थांबवलं." भाजीवाली त्यांना वाकून नमस्कार करते. निवृत्त झाल्यापासून ते इतके ताठ चालताना मी पाहिले नव्हते.

आता मी तक्रार केली तर कंपनी व्यंकटला विचारील. व्यंकट खरं सांगेल. मग पत्रात कारण काय येईल? उमेदवाराच्या मामांच्या विनंतीवरून. ते पत्र मी मंडळापुढं ठेवू? त्यात व्यंकटची नोकरी जाईल ती निराळीच. आणि ज्या माणसानं मला वाढवलं, शिकवलं, त्या दिवशी विमानात बसवलं, त्याला मी सांगू, की मामा, तुमच्या मायेनं माझी मुलाखत घालवली?

आणखी एक आहे. ते लिहायला सगळ्यांत जड जातं. मामा म्हणाले, "मी सांगितलंय," तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी चाळीस पार केलेली बाई, मुलींना ग्रहणाची कारणं फळ्यावर काढून दाखवते, आणि राहुकाळात जमीन सोडायची नाही म्हणून माझ्या जिवात जीव आला. अडीचची मुलाखत मला ठाऊक होती. मी उठून म्हणू शकले असते, "थांबवू नका." मी कॉफी पीत बसले.

म्हणून तक्रार नाही. शेरा राहू दे.

तुझी,
हेमा

*

दादर, मुंबई
२ मार्च १९५२

प्रिय हेमा,

फाडलं नाही. जपून ठेवलं आहे.

बरं वाटलं, त्यात गुन्हा काय केलास? मीही तिथं असते तर मलाही वाटलं असतं, आणि वर मी तुझं बिस्किटही खाल्लं असतं.

पण मला एक सांग. पहिल्या पत्रात तू लिहिलंस, शेवटी तिघं आली, बोलत बोलत, सावकाश चालत. दीड तास उशिरा येणारा माणूस सावकाश चालतो का? ज्याला विमान चुकण्याची भीती असते तो धावतो, अर्धा डबा रस्त्यात सांडतो. सावकाश कोण येतं? ज्याला ठाऊक असतं की आपल्याशिवाय निघणार नाही.

आणि कुठल्या देशात एका म्हाताऱ्या स्टेशनमास्तराच्या शब्दावर विमान थांबतं? मामा माझेही मामा आहेत. माझ्या लग्नात त्यांनी मांडव डोक्यावर घेतला होता. पण इतकी त्यांची वट असती, तर मला सासरी जाताना पहिल्या वर्गात जागा मिळाली नसती का?

तू त्यांना विचारणार नाहीस, म्हणून मी विचारते आहे. याच टपालानं त्यांना वेगळं पत्र टाकलं आहे. रागावायचं तर माझ्यावर रागाव.

अक्का

*

वेस्ट मांबलम
१० मार्च १९५२

चि. सौ. कुमुदिनीस नागोजीचे अनेक आशीर्वाद.

विशेष. पत्र पावले. तू विचारतेस, "मामा, विमान तुम्ही थांबवलंत का? हो की नाही तेवढंच लिहा." उत्तर, नाही.

मुलाखत हुकल्याचे कारण चि. हेमाने मजपासून लपवून ठेवले होते. विमान उशिरा पोचले एवढे तिने सांगितले, परंतु त्यापायी अर्जावर शेरा पडला, हे तुझ्या पत्रातून प्रथम कळले. ती म्हणाली होती, "जागा दुसऱ्यास मिळाली, मामा." मी मानले.

बत्तीस वर्षे नोकरी केली. निवृत्त झाल्यावरही खिशातली वही सुटली नाही. मांबलमची लोकल किती मिनिटे चुकली हेही लिहितो, कोणी विचारीत नाही तरी. त्या दिवशीची नोंद उतरून देतो.

"७-२०. व्यंकट यांस नऊपर्यंत थांबण्याविषयी बोलिलो. ७-२५. उशिराचा पुकारा. ७-३०. आकाश निरभ्र, टेकडीवरचे चर्च स्पष्ट दिसते. ७-५५. सामान चढवून पूर्ण. ८-४०. प्रवासी बसविले. ९-०८. काळी मोटार थेट कठड्याच्या आत. तिघे, सामानाचे सतरा डाग. ९-२०. सुटले. कारण: मोटारीची वाट."

पाहा. कारणाच्या रकान्यात खोटे लिहिणे हातास जमले नाही. तोंडास जमले. घरी येताना अलमेलूने विचारले, "मास्तर, विमान तुमच्यासाठी थांबलं म्हणे?" मी "नाही" म्हणायच्या ऐवजी हसलो. दुसऱ्या दिवशी हसलो. तिसऱ्या दिवशी मीच सांगू लागलो. बाहत्तराव्या वर्षी कोणी आपले ऐकले असे वाटणे फार गोड असते, पोरी.

त्या गोडीची किंमत हेमाने भरली. आज सकाळी वही तिच्यापुढे उघडी ठेवून मी अंघोळीस गेलो. परत आलो तो ती रडत होती आणि दौतीचे झाकण उघडे होते. तक्रार चालू आहे. मजकूर कडक आहे.

कळावे, लोभ असावा.

नागोजी

*

वेस्ट मांबलम, मद्रास
२३ मार्च १९५२

प्रिय अक्का,

आधी हे सांगते की पत्र मिळालं. सहीशिक्क्याचं, कारणासकट. कालच्याच टपालानं मंडळाकडं नोंदणी करून धाडलं आहे. आता बसून सगळं लिहिते.

माझ्या तक्रारीला कंपनीनं आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर दिलं: दाट धुक्यामुळं विलंब झाला, गैरसोयीबद्दल खेद आहे. मी ते मामांना वाचून दाखवलं. ते उठले. आत जाऊन काळा कोट घालून आले, निवृत्तीच्या दिवशीचा. म्हणाले, "चल."

माउंट रोडवरच्या कचेरीत राममूर्ती नावाचे मॅनेजर आहेत. आवाज मऊ, समोर बसलेल्याला बरं नाही अशा सुरात बोलतात. "निसर्गापुढं कंपनी काय करणार, मॅडम?"

मामांनी चष्मा पुसला, वही उघडली. "सात तीस. आकाश निरभ्र. टेकडीवरचं चर्च स्पष्ट दिसतं."

"आपण कोण?"

"स्टेशनमास्तर. धुकं माझ्याकडंही यायचं, डिसेंबरात. पण ते काळ्या मोटारीतून सतरा डाग घेऊन उतरताना मी कधी पाहिलं नाही."

तिकिटाच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. राममूर्तींचा चेहरा बदलला. त्यांनी व्यंकटला आतून बोलावलं आणि मला म्हणाले, "मग आता खरंच बोलू. विमान थांबवा अशी विनंती तुमच्याच मामांनी केली होती. आमच्या माणसानं तसं सांगितलं आहे. तुमच्याच घरच्यांनी उशीर मागायचा आणि तक्रारही तुम्हीच करायची?"

अक्का, महिनाभर मी ज्या वाक्याला भीत होते, ते हेच. सगळी कचेरी ऐकत होती. आणि मामा उठून उभे राहिले.

"केली होती," ते म्हणाले. "लिहून घ्या. नागोजीनं राहुकाळासाठी विनंती केली. चूक केली. आता याला विचारा, त्यानं मला काय उत्तर दिलं."

व्यंकट घामाघूम झाला होता. तो मामांकडं बघून म्हणाला, "मास्तर, मी म्हटलं, काळजी करू नका, नऊच्या आत निघत नाहीच."

"का निघत नाही?" हे मी विचारलं. माझाच आवाज, पण वर्गातला, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

व्यंकटनं आधी राममूर्तींकडं पाहिलं. मग म्हणाला, "संचालकांचे व्याही यायचे होते."

टाइपरायटर थांबला. राममूर्तींनी रांगेतल्या माणसांकडं एकदा पाहिलं आणि मला आतल्या खोलीत या म्हणाले. मी म्हटलं, "इथंच बरं आहे. मला भरपाई नको. विमान किती उशिरा सुटलं आणि कुणासाठी थांबलं, एवढं लिहून द्या. धुकं लिहिलंत तर मी या वहीची नक्कल जोडून वरपर्यंत जाईन. आणि या व्यंकटांचं नाव कुठंही येता कामा नये. त्यांनी वडीलधाऱ्याला खोटं सांगितलं नाही, इतकंच केलं आहे."

मी इतकं सगळं एका दमात बोलले, अक्का. 

पाऊण तासानं पत्र हातात आलं. "कंपनीच्या एका संचालकांच्या पाहुण्यांकरिता विमान एक तास पन्नास मिनिटे रोखून धरण्यात आले, यात प्रवाशाचा कोणताही दोष नाही." बरोबर दिलगिरी म्हणून मद्रास-मुंबईचं एक तिकीट, केव्हाही वापरायचं. मी ते परत करणार होते. मामा म्हणाले, "ठेव. कबुली आहे ती."

 गल्लीत शिरल्यावर मामा घरी न जाता अलमेलू मामींच्या ओट्यापाशी थांबले. तिथं चारपाच जणी निवडत-टिपत बसल्या होत्या. मामा टोपी काढून म्हणाले, "ते विमान मी थांबवलं नव्हतं. मी खोटं सांगितलं."

अलमेलू मामी सुपातले खडे काढत राहिल्या. "ते आम्हांला पहिल्या दिवशीच कळलं होतं, मास्तर. तुम्ही सांगत छान होता, म्हणून आम्ही ऐकत होतो. आत या, कॉफी गार होईल."

तुझी,
हेमा

*

दादर, मुंबई
१९ एप्रिल १९५२

प्रिय हेमा,

शेरा खोडला. तांबड्या शाईनं, वर चिटणीसांची सही. यांच्या स्नेह्यांनी डोळ्यांनी पाहिला. कंपनीचं पत्र समितीत मोठ्यानं वाचलं गेलं, आणि "पाहुणे" म्हणजे कोण यावर अर्धा तास चर्चा झाली म्हणे.

मुलाखत पाच मे, सोमवार, सकाळी अकरा. पत्र तुला येईलच, पण टपालावर माझा विश्वास उरलेला नाही. तू दोन तारखेलाच आगगाडीनं ये. मामांना सांग, निघायची वेळ त्यांनीच पंचांगात बघून ठरवावी. दोन दिवस हातात असल्यावर मला कुठल्याच काळाची भीती नाही.

आणि तिथं बोलताना तुझं जुनं तंजावरी मराठी सुधारायला जाऊ नकोस. मी लग्न करून आले तेव्हा सासरचे मला म्हणायचे, "ही बखरीतून उठून आली." आता तशाच माणसाची त्यांना गरज पडली आहे.

अक्का

*

दादर, मुंबई
९ मे १९५२

तीर्थरूप नागोजीमामांस हेमावतीचा साष्टांग नमस्कार.

तार मिळाली असेलच. तारेत सगळं मावत नाही.

समितीत पाच जण होते. विमानाचं कुणी काही विचारलं नाही. एकानं फक्त खुर्ची पुढं ओढून दिली आणि म्हणाला, "बसा, तुमची फार वाट पाहिली." मग त्यांनी एक कागद पुढं सरकवला. पुसट, कडा खाल्लेल्या. आधीचे दोघं तिसऱ्या ओळीत अडले होते. मी पाहिलं आणि मामा, मला हसू आलं. एका बाईनं तंजावरहून आपल्या भावाला लिहिलेलं पत्र होतं ते. पोरीला खोकला आहे, तांदूळ नवा आहे, तू येतो म्हणालास आणि आला नाहीस. अक्षराची वळणं अगदी आईच्या कागदांतली. मी थांबले नाही. मधे तमिळ शब्द आले, त्यांचा अर्थ सांगत गेले. संपलं तेव्हा चिटणीसांनी माझ्याकडून ती शेवटची ओळ पुन्हा वाचून घेतली, आणि या वेळी त्यांनी अर्जावर काय लिहिलं ते मला उलट्या बाजूनंही वाचता आलं. "नेमणूक करावी."

दोन जूनपासून रुजू व्हायचं आहे. शाळेचा राजीनामा टपालानं धाडला. सामान आणायला मी यायची नाही, रुजू होईपर्यंत मंडळानं मला दप्तराच्या याद्या लावायला बसवलं आहे. अलमेलू मामींचा मुलगा माझी पेटी आगगाडीत घालून देईल. अक्कानं तिच्या घराजवळच मला दोन खोल्या पाहून दिल्या आहेत. खिडकीतून आगगाडीचे रूळ दिसतात. मी मोजलं, दर सात मिनिटांनी एक गाडी, आणि एकही वेळेवर नाही. नोंद ठेवणारं कुणी नाही.

विजयानं माणूस हलकं होतं असं मला वाटायचं. चार दिवस मी खरंच हलकी होते, अक्काच्या स्वयंपाकघरात गात होते. आज खोल्या पाहिल्या तेव्हा दुसऱ्या खोलीत आपोआप तुमचा पलंग कुठं लागेल ते बघू लागले, आणि मग तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले.

कंपनीनं दिलेलं तिकीट मी तुमच्या नावावर करून घेतलं आहे. पाकिटात आहे. एक जून, रविवार, सकाळचं विमान. तुमचं उत्तर मला इथूनच ऐकू येतं. जन्मभर रुळांवर काढला, आता अधांतरी वाहनात बसणार नाही. मुंबईचं पाणी सोसणार नाही. मांबलमची लोकल कोण तपासील? अलमेलू मामींना वाईट वाटेल. हेमा मोठी झाली, तिला आता माझी काय गरज. यातलं शेवटचं सोडून बाकीची कारणं खरी आहेत, आणि तुम्ही शेवटचंच लिहाल, हेही मला ठाऊक आहे.

तरी मागते, मामा. या. आणि परतीचं तिकीट काढू नका.

तुमची,
हेमावती